एकतीस घरांचा एकच अर्ज

महानंदाअक्कानं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. कागद एकतीस, टाचणी एकच, आणि सगळ्यात वरच्या कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलेली कन्नड ओळ.

"वाच की," ती म्हणाली. "मी वाचलंय. पण म्हटलं, चुकून तसं वाचलं असंल."

संहिता वाचायला लागली. कन्नड तिची शाळेतली तिसरी भाषा, त्यामुळे अक्षराला अक्षर लावत, गाडी पहिल्या गियरमध्ये. 'सर्व मजकूर एकच. एकच हरकत म्हणून नोंद. राहत असल्याचा पुरावा नाही. नामंजुरीस योग्य.'

ती गप्प झाली. आता संहिता गप्प होणं म्हणजे बेंगळुरातल्या के. आर. पुरमच्या पुलाखाली भर गर्दीच्या वेळी एकही गाडी नसणं!

"तर म्हंजे," अक्काच बोलली, "आम्ही एकतीस घरं मिळून एक. आणि तेबी न्हाई."

महानंदाअक्का संहिताच्या घरी सहा वर्षं स्वयंपाकाला होती. मूळची चिकोडीकडची, राहायला के. आर. पुरम स्टेशनच्या मागे, रुळांना लागून असलेल्या गल्लीत. गल्लीतून रस्ता जाणार होता. ज्याचं घर तिथे दहा वर्षांहून जुनं, त्याला दुसरीकडे घर मिळणार. बाकीच्यांनी निकालानंतर महिन्याभरात भांडीकुंडी उचलायची. अक्काचं घर सोळा वर्षांचं होतं. पण रेशनकार्ड चिकोडीचं, आधार चिकोडीचं, लाइटबिल दिराच्या नावावर. कागदावर बघितलं तर ती बेंगळुरात राहतच नव्हती.

"आज सकाळी सुनावणी झाली. पाच वाजेपर्यंत नवीन अर्ज घेतो म्हणाले. घरागणिक वेगळा. पुरावा लावून. नंतर खिडकी बंद." अक्कानं पदरानं मान पुसली. "तुझ्या बाबांना फोन लाव की गं."

आई-बाबा दोघंही एकाच लॅबमध्ये शास्त्रज्ञ. आज कसली तरी चाचणी होती म्हणून शनिवारी कामावर, आणि तिथे फोन गेटवरच जमा करावे लागतात. संहितानं तरी दोघांना चार-चार वेळा लावून बघितला. बंद. बंद. बंद.

घड्याळात पावणेदोन.

आणि हे सगळं केलं कोणी होतं? संहितानं! स्वतःहून, हौसेनं, हात वर करून!

गेल्या वर्षीपर्यंत ही पोरगी वर्गात उभं राहायची वेळ आली की पाण्याच्या टाकीमागे लपायची. मग ऑक्टोबरात रघुनंदन सरांनी क्रांत्यांच्या काळावर प्रकल्प दिला. संहिताच्या वाट्याला आल्या १७८९ सालच्या फ्रान्समधल्या तक्रारवह्या. राजानं सांगितलं, गावोगावच्या लोकांनी आपली गाऱ्हाणी लिहून पाठवा, आणि लोकांनी खरंच लिहिली. सरांनी कुठलाही अस्सल कागद वाचण्यासाठी तीन प्रश्न दिले होते: कोणी लिहिलं? कोणासाठी? काय गाळलं? संहितानं त्या वह्यांची भाषांतरं वाचून काढली, आंतरशालेय स्पर्धेत माइकसमोर बारा मिनिटं बोलली आणि पहिला नंबर घेऊन आली. तेव्हापासून ती जी सुटली ती सुटलीच. असेंब्लीत मी बोलते, सोसायटीत मी बोलते, अक्का, तुमचे अर्ज ना? मी लिहिते!

आणि लिहिलाही होता झकास. इंग्रजीत. मानवी प्रतिष्ठा होती, समान न्याय होता, 'इतिहास तुम्हाला विचारेल' असं शेवटचं वाक्य होतं. मग नावं बदलून एकतीस प्रती छापल्या. लोकांनी न वाचता सह्या ठोकल्या, अंगठे उठवले. गल्लीतले म्हातारे कल्लाप्पाअज्जा तर म्हणाले होते, "पोरीनं लिहिलंय म्हंजे भारीच असणार."

आता तिचे डोळे त्या लाल ओळीवर खिळले होते, आणि कानात माइकमधला तिचाच आवाज घुमत होता: 'शहरातल्या वकिलांनी तयार नमुने गावोगाव वाटले. अशा वह्या कितीही सुंदर असल्या तरी त्यांत गाव सापडत नाही. गाव सापडतं ते ओबडधोबड वहीत, जमीनदाराची कबुतरं आमचं पेरलेलं बी खातात असं लिहिणाऱ्या.' टाळ्या पडल्या होत्या यावर! आणि घरी येऊन तिनं काय केलं होतं? त्या वकिलाचंच काम.

"अक्का, चल," ती उठली. "कोरे कागद घेते. परत लिहू."

"एकतीस?"

"जेवढे होतील तेवढे."

गल्लीत पोचायला सव्वादोन झाले. शनिवार, त्यामुळे निम्मी गल्ली कामावर. कोणी कॅब घेऊन, कोणी लग्नाच्या हॉलवर वाढायला. कल्लाप्पाअज्जा मात्र दारातच होते. चाळीस वर्षं स्टेशनवर हमाली केलेला माणूस. पाठ वाकलेली, आवाज खणखणीत. लाल ओळीचं ऐकून ते हसले.

"काय गं वकीलसाहेब, हरलीस व्हय?"

"अज्जा, चेष्टा नको. तुमच्या घराचं असं काहीतरी सांगा जे शेजारचा सांगू शकणार नाही."

"शेजारचा घोरतोय, तो काय सांगणार!" पण मग ते थांबले, विचारात पडले. "स्टेशनचा दुसरा पूल बांधला तेव्हा सायबानं पत्र्याचं छप्पर दिलं मला. चिठ्ठी हाय. पत्रा वाटेत कोण आडवू नये म्हणून."

"आहे? आणा! पळा!"

"पळतो. विमान मागव."

मोडक्या कन्नडमध्ये संहिता जे कानावर पडेल ते उतरवत सुटली. ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद. मानवी प्रतिष्ठेचं नाव नाही. घर क्रमांक सात: चिठ्ठी, तारीख. घर क्रमांक बारा: सुनेच्या बाळंतपणाचा दवाखान्याचा कागद. घर क्रमांक पंधरा: मुलाचा पहिलीचा दाखला, त्यावर गल्लीचा पत्ता. तेलुगू बोलणाऱ्या घरात अक्का मध्ये बसून समजावून सांगत होती; तमिळ घरात पण तीच. पुढच्या घरी पळत जाऊन "कागद काढून ठेवा, बेगा बेगा, लवकर!" असं ओरडून यायची तीही अक्काच. काही दारांना कुलपं होती. त्या कुलपांसमोरून संहिता मान खाली घालून जात होती, कारण त्या घरांचे अर्जही तिनंच लिहिले होते, आणि तेही त्या एका टाचणीत अडकले होते.

कुलपं लावून गेलेल्यांना फोन लावले. दोघांनी उचलले, एक जण व्हाइटफील्डला, एक विमानतळावर. "उद्या आलो तर सरी का, चालंल का?" विमानतळवाल्यानं विचारलं. अक्कानं फोन काढून घेतला आणि "न्हाई रे राजा," एवढंच म्हणून ठेवला.

पावणेचार. नऊ अर्ज झाले होते. एकतीसपैकी नऊ.

"अजून एक घर—"

"न्हाई," अक्का म्हणाली. "हे नऊ तरी पोचूदेत."

रिक्षा मिळाली आणि टिन फॅक्टरीच्या अलीकडे ठप्प झाली. मागे बस, पुढे बस, मधोमध यांची रिक्षा, म्हणजे डब्यात डबा घट्ट बसावा तशी. चार वाजून दहा. चार वाजून सतरा. संहिताला रडू यायला लागलं, आणि तिला त्याचा इतका राग आला की तिनं स्वतःच्याच मांडीला चिमटा काढला. शेवटी रिक्षातून उतरून दोघी धावल्या. अक्काची चप्पल तुटली. तिनं दोन्ही काढून पिशवीत घातल्या आणि तशीच धावली.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. खिडकीमागे कारकून, टेबलावरच्या पाटीवर नाव शिवकुमार. पावणेपाच वाजले होते. तो एकेक अर्ज वाचत होता, त्याचा मूळ पुरावा टाचत होता, शिक्का मारत होता, पोच फाडत होता.

"हे कुणी लिहिलं?" त्यानं विचारलं. "किती चुका आहेत!"

"मी," संहिता म्हणाली. "चुका माझ्या. बाकी सगळं त्यांचं."

त्यानं वर बघितलं आणि पुढचा अर्ज ओढला. ठप्प. ठप्प. नववा शिक्का पडला. मग तो म्हणाला, "झालं? यात महानंदाचा अर्ज कुठे आहे? सकाळी भांडत होती ती?"

संहितानं पोचपावत्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. नऊ घरं. अक्का प्रत्येक घरात होती, प्रत्येकासाठी बोलली होती. अक्काचा अर्ज नव्हता.

"अक्का! तुझा राहिला!"

"माझं काय लिवणार," अक्का म्हणाली. तिला माहीत होतं. मघापासून माहीत होतं. "माझ्याकडं कागद कुठं हाय?"

"होता! तू दाखवला होतास मला. बाळाच्या लसींचं कार्ड!"

अक्कानं पदर छातीशी ओढून घेतला.

महिन्यापूर्वीची ती संध्याकाळ संहितापुढे जशीच्या तशी उभी राहिली. अक्कानं प्लॅस्टिकच्या पाकिटातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं होतं. वर आईचं नाव, बाळाचं नाव, गल्लीचा पत्ता, २०१० साल. आणि संहिता, ऑक्टोबरनंतरची संहिता, लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली होती, "अगं, हे तर अर्धवट भरलंय. पहिल्या चार चौकटी आणि पुढे सगळं रिकामं! साहेब म्हणतील, ही बाई डोस चुकवते. नको हे." अक्कानं कार्ड पाकिटात घातलं होतं आणि पोळ्या लाटायला गेली होती.

काय गाळलं? भिंतीवर चिकटवला होता तिनं तो प्रश्न. स्केचपेननं, तीन रंगांत.

अक्काला एकच मुलगा होता, आठवीतला. कार्डावर मुलीचं नाव होतं.

"अक्का," संहिता म्हणाली. "ते आहे तुझ्याकडे? आत्ता?"

अक्कानं ब्लाउजमधून पाकीट काढलं. ते कार्ड सकाळच्या सुनावणीलाही तिच्याजवळच होतं. नको म्हटलं होतं ना पोरीनं, म्हणून तिनं ते काढलं नव्हतं.

पाच वाजायला नऊ मिनिटं. जिन्याच्या पायरीवर बसून संहितानं कागद मांडीवर घेतला. "सांग."

"काय सांगू?"

"जे आहे ते."

"लिव. नयना. ह्याच घरात झाली. आठ महिन्यांची असताना ताप आला. पाऊस होता, रूळ ओलांडून रिक्षा आली न्हाई." अक्का अगदी सरळ आवाजात बोलत होती, मिठाचं प्रमाण सांगावं तशी. "पुढच्या चौकटी रिकाम्या हायत त्या म्हणून. मी चुकवल्या न्हाईत. तेवढं लिव."

संहितानं लिहिलं. कागदावर एक थेंब पडला आणि 'नयना'मधलं एक अक्षर पसरलं. ते तिनं पुन्हा गिरवलं.

खिडकीवर शिवकुमारनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "बरोबर आहे. पत्ता आहे, शिक्का आहे. याचंही मूळ जमा करावं लागेल. किंवा झेरॉक्स आणा, मूळ दाखवून परत न्या."

"झेरॉक्स कुठे?"

"खाली. पण शनिवारी तो चारलाच जातो."

"मी फोटो काढते, तो—"

"फोटो फाइलला लावता येत नाही, अम्मा. कागद पाहिजे." त्यानं घड्याळाकडे बोट केलं. पाचला दोन मिनिटं. तो वाईट माणूस नव्हता. हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

संहिता अक्काकडे वळली. काय सांगावं तिला? दे म्हणावं? त्या मुलीचं दुसरं काहीच उरलं नसणार; फोटोही नाही, असता तर अक्कानं कधीतरी दाखवला असता. नको म्हणावं? मग घर जाणार, ज्या घरात ती झाली तेच.

अक्कानं कार्ड हातात धरलं. त्या चार भरलेल्या चौकटींवरून एकदा अंगठा फिरवला. मग खिडकीतून आत सरकवलं.

संहितानं घाईघाईनं फोटो काढला, हलला, पुन्हा काढला. शिवकुमार पोच लिहायला लागला: 'जोडपत्र: जुने कार्ड, एक.'

"नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की मागच्या टेबलावरची बाई दचकली. "अण्णा, तसं नाही. नाव लिहा. कार्डावर नाव आहे."

"पोचेवर नाव लिहीत नाहीत."

"स्वल्प, एवढंसं लिहा ना, अण्णा. उद्या कोणी ही फाइल उघडली तर त्याला कळायला नको का, कुणाचं कार्ड ते?"

शिवकुमारनं पेन थांबवलं. घड्याळात पाच झाले. आतून कोणीतरी खिडकी लावा म्हणून हाक मारली. त्यानं 'जुने' हा शब्द खोडला आणि त्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलं: 'नयना हिचे.' मग शिक्का मारला आणि खिडकी लावली.

निकाल पंचेचाळीस दिवसांनी. दहा घरांचा. बाकीची एकवीस त्या एका टाचणीत.

खाली फुटपाथवर अक्कानं पोचपावती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालायला घेतली. पाकीट कार्डाच्या मापाचं, पावती मोठी. चार घड्या घालाव्या लागल्या. मग ती तुटकी चप्पल हातात घेऊन उभी राहिली.

"त्यांनी हरवलं तर गं?" तिनं विचारलं.

ऑक्टोबरपासून संहिताकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. तिनं मान वर करून बघितलं. वरच्या मजल्यावरचे दिवे एकेक करून विझत होते.

"मी सोमवारी येऊन विचारते," शेवटी ती म्हणाली. "मंगळवारीपण येते."

"शाळा हाय तुझी," अक्का म्हणाली आणि अनवाणीच चालायला लागली.