आग्वादासचा पडदा

दुवान मारुलांदाच्या हातून जे घडलं ते अंधारात, चोरून घडलं असतं तर त्याला कदाचित कमी लाज वाटली असती. पण ते भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधी, भरल्या खोलीत घडलं. आणि वर सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

मानिसालेस शहरात अंत्यविधीची सोय करणारी एक कंपनी होती. लोक हयात असताना दरमहा थोडं थोडं भरायचे आणि घरात कुणी गेलं की शवपेटी, फुलं, पाद्री, गाडी, सगळं कंपनी बघायची. डोंगरातल्या गावागावांत तिच्या शाखा होत्या. तिथले जुने, धूळ खाऊन घरघरणारे संगणक काढून त्या जागी नवी व्यवस्था बसवण्याचं काम दुवानकडे आलं होतं. आता प्रत्येकाच्या टेबलावर नुसता पडदा, कीबोर्ड, माऊस आणि ओंजळीत मावेल अशी एक डबी. खरा संगणक मानिसालेसच्या सर्व्हरमध्ये. सकाळी आपलं नाव आणि पासवर्ड टाकला की ज्याचं त्याचं टेबल त्याच्यासमोर मांडून तयार. कुठल्या शाखेत कुणाचं काय अडलं, हे दुवान आपल्या खुर्चीवरून सोडवायचा. संगणकवाल्या पोरांना तिथं सगळे ‘इन्हे’ म्हणतात, इंजिनिअरचं घरगुती रूप. तसा तोही सगळ्यांचा इन्हे झाला होता.

या व्यवस्थेत त्याला कुणाचाही पडदा आपल्याकडे उघडून बघता यायचा. अर्थात आधी समोरच्या माणसाला विचारणा जायची: मदतनीसाला तुमचा पडदा बघायचा आहे, चालेल का? तो हो म्हणाला तरच. पण व्यवस्थापक ओकांपोसाहेबांना ही विचारणा खटकली.

“माझ्याच यंत्रात डोकवायला मी कुणाची परवानगी काढू? काढून टाका ते.”

“साहेब, लोकांना आवडत नाही, न सांगता कुणी...”

“लोकांना पगार आवडतो ना? मग झालं तर.”

दुवानला ते पटलं नव्हतं. पण गिऱ्हाईक मोठं होतं आणि तो नवा. “तुम्ही म्हणाल तसं,” तो म्हणाला आणि एका टिचकीसरशी त्यानं ती विचारणा बंद केली.

काम पुरं झाल्यावर ओकांपोंनी वरच्या मजल्यावर सगळ्यांना जमवलं. भिंतीवर मोठा पडदा होता. त्यांची सेक्रेटरी मिरेया होती, हिशेबवाले होते, विक्रीची मंडळी होती. बुन्युएलोंची, म्हणजे तळलेल्या चीजच्या गोळ्यांची, टोपली फिरत होती. दुवाननं सगळं दाखवलं आणि शेवटी म्हणाला, “सर्वांत लांबची शाखा आग्वादासची. तिथली लाइन सर्वांत कमकुवत. तरी बघा, कसं झटकन उघडतं.”

आणि त्यानं आग्वादासचा पडदा उघडला.

भिंतीवर तिथली शाखा सांभाळणाऱ्या नोएलियाबाई दिसल्या. म्हणजे त्यांचा पडदा दिसला, पण त्या पडद्यावर त्याच होत्या. लांबच्या नातेवाइकांशी बोलायला बसवलेला कॅमेरा त्यांनी सुरू केला होता आणि आरशासारखा वापरत होत्या. साठीला टेकलेली, कधी मोठ्यानं न हसलेली बाई. ती ओठांना लिपस्टिक लावत होती. लावता लावता थांबायची, मान जरा तिरकी करायची, काहीतरी म्हणायची. पुन्हा तेच, जरा वेगळ्या चेहऱ्यानं. आवाज येत नव्हता.

“अगं बाई,” मिरेया म्हणाली, “आज गुरुवार. एवेलिओंची गाडी जाते आज तिकडे.”

एवेलिओ म्हणजे कंपनीच्या शववाहिकेचे चालक. विधुर माणूस, कामापुरतं बोलणारा. आग्वादासला गेले की तिथं अंमळ जास्त रेंगाळतात, एवढंच लोकांना ठाऊक होतं. तेवढं पुरलं. मिरेयानं बारीक आवाज काढला, “एवेलिओ, बघा ना, माझा रंग कसा खुललाय.” हिशेबवाल्यानं घसा खाली नेला, “आलोच बाई, मागचं गिऱ्हाईक घाईत नाहीये.” हशा पिकला. भिंतीवरच्या बाईंचे ओठ हलत होते आणि इकडे लोक त्यांत शब्द भरत होते.

सगळे हसत असताना गप्प बसणं दुवानला जमलं नाही. नवा माणूस, आपणही यांच्यातलेच, हे दाखवायची घाई. त्यानंही बारीक आवाज काढला: “पुढच्या सीटवर जागा नसली तरी चालेल हो एवेलिओ, मी मागं आडवी पडून येईन.”

खोली हशानं नुसती फुटली. ओकांपोंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या हशाच्या भरात दुवाननं माऊस घेतला आणि बाईंचा चेहरा नीट दिसावा म्हणून कॅमेऱ्याची चौकट ओढून मोठी केली.

तिकडे आग्वादासला ती चौकट आपोआप मोठी झाली.

नोएलियाबाई थबकल्या. लिपस्टिक हातातच राहिली, खालचा ओठ रंगलेला, वरचा कोरा. पडद्यावर आपणहून फिरणाऱ्या त्या बाणाकडे त्यांनी पाहिलं आणि मग हळूहळू नजर वर केली, सरळ कॅमेऱ्यात. भिंतीएवढा तो चेहरा सगळ्या खोलीकडे बघत होता. हसणारे एकेक करून थांबले. बाईंनी मनगटानं ओठ पुसले. मग त्यांचा तळवा पुढे पुढे आला आणि भिंत काळी झाली.

कुणीतरी खोकलं. ओकांपो उठले, दुवानच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “व्यवस्था एक नंबर आहे, इन्हे. चला, जेवायला.”

दुवान जेवला. सूप आवडीचं होतं तरी चव कळली नाही. घरी आई नेहमीसारखी म्हणाली, “काय मग, आवडलं का साहेबांना?” तो म्हणाला, “आवडलं.” एरवी आईला तो इत्थंभूत सगळं सांगायचा.

वाक्य मात्र त्याच्याआधी जिना उतरलं होतं. खाली गॅरेजमध्ये चालक मंडळींनी ते उचललं. एवेलिओ गाडीत बसायला निघाले की कुणीतरी बारीक आवाज काढायचं, “मी मागं आडवी पडून येईन हो.” एवेलिओंना वाटलं, बाईंनीच चारचौघांत काहीतरी सांगितलं असणार, त्याशिवाय हे लोकांच्या तोंडी कसं येईल? पुढच्या गुरुवारी ते आग्वादासला गेले, कागदांवर सह्या घेतल्या त्यासुद्धा गाडीच्या खिडकीतून. खाली उतरले नाहीत. पुढच्या खेपेलाही नाही.

मग आग्वादासहून दुवानकडे तक्रार आली: यंत्र आपोआप चालतं, कृपया येऊन बघावं. असलं काम खुर्चीवरून होण्याजोगं. पण त्याला तो पडदा पुन्हा उघडवेना. तो बसनं गेला.

नोएलियाबाईंनी त्याला पाहिल्याबरोबर आत बसवलं, गुळाचं गरम पाणी, आग्वापानेला, आणि चीजचा तुकडा आणून दिला. “एवढ्या लांब आलात, बरं वाटलं. वाट फार वळणाची, पोटात ढवळतं. आधी घ्या हे.”

त्यानं घेतलं. बाई समोर बसल्या.

“इन्हे, तुम्हाला म्हणून सांगते. त्या दिवशी कुणीतरी माझ्या यंत्रात शिरलं होतं. बाण आपोआप फिरला. माझा कॅमेरा चालू होता. तुम्हाला यातलं कळतं, तुम्ही मला तो माणूस शोधून द्या.”

ओठांवर आलेलं खरं दुवाननं गिळलं. “कधी कधी लाइन हलते बाई,” तो म्हणाला, “मग चौकट आपली आपण मोठी होते. कुणी नसतं तिथं.”

“कुणी नसतं?”

“कुणी नाही.”

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण सैलावला, आणि ते बघणं दुवानला सगळ्यांत जड गेलं. त्या म्हणाल्या, “देवाची कृपा. मी आपली मनातल्या मनात मिरेयाला, साहेबांना, कुणाकुणाला शिव्या घालत होते.” मग त्यांचा हात टेबलावर थांबला. “पण मग गॅरेजमध्ये ते वाक्य कुठून आलं? एका चालकानं माझ्या तोंडावर ऐकवलं. लिपस्टिकबद्दलही बोलला. लिपस्टिक मी फक्त इथं, या पडद्यापुढं लावली होती.”

दुवान कपाच्या तळाशी बघत राहिला.

“इन्हे?”

“मी होतो,” तो म्हणाला. “पडदा मी उघडला. वर सगळे बसले होते, भिंतीवर दिसत होता. चौकट मीच मोठी केली. आत्ता जे सांगितलं ते खोटं सांगितलं.”

बाईंनी टेबलावरचा हात मागे घेतला. मग विचारलं, “आणि ते वाक्य? ते कुणाचं?”

“माझंच.”

“म्हणा.”

“बाई...”

“मी ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं. ज्याचं आहे त्याच्या तोंडून ऐकू द्या. तेव्हा म्हणालात तसंच. आवाज काढून.”

त्यानं तोंड उघडलं. बारीक आवाजात “पुढच्या सीटवर” एवढं म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. पुढचं वाक्य त्यानं कसंबसं, आपल्या साध्या आवाजात, जमिनीकडे बघत पुरं केलं. त्या छोट्या खोलीत, त्या बाईंसमोर ते वाक्य इतकं घाणेरडं वाटलं की वर सगळे कशाला हसले होते हेच त्याला आठवेना.

तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारा आत आला. टोपी छातीशी धरलेली. त्याची बहीण गेली होती. नोएलियाबाई उठल्या, त्याच्या दंडाला धरून त्याला खुर्चीवर बसवलं. “सावकाश सांगा. घरी कोण आहे आता त्यांच्यापाशी? तुम्ही काही खाल्लंय का?” त्यांचा आवाज इतका मऊ, इतका नेहमीचा होता. त्या त्याच पडद्यावर म्हाताऱ्याचं नाव टाकत होत्या, फोन लावत होत्या, मध्येच त्याला पाणी देत होत्या. दुवान कोपऱ्यात बसून राहिला. उठून जावं तर पळाल्यासारखं, बसावं तर कुठल्या तोंडानं? म्हाताऱ्यानं जाताना त्यालाही डोळ्यांनी नमस्कार केला, घरचाच कुणी समजून.

“तुम्ही जा आता,” बाई म्हणाल्या. “बस चुकेल.”

“मी एवेलिओंना खरं काय ते सांगतो.”

“तुम्ही काय सांगणार? त्यांनी मला एक विचारलं होतं. त्याचं उत्तर मला द्यायचं होतं. आयुष्यात असं कधी बोलले नव्हते, म्हणून आधी म्हणून बघत होते. बस एवढंच.” त्यांनी रिकामा कप उचलला. “आता त्यांच्यापुढं माझं तोंड उघडणार नाही. सांगा तुम्हाला हवं तर. पण माझ्या वतीनं नको. तुमच्या वतीनं सांगा.”

दुसऱ्या दिवशी त्यानं ती विचारणा सगळ्या शाखांसाठी पुन्हा सुरू केली आणि ओकांपोंना तसं सांगितलं, कारणासकट. ओकांपो म्हणाले, “केवढं मनाला लावून घेता हो! गंमत होती.” नवा करार त्यांनी पुढं दुसऱ्याच माणसाशी केला, पण जुन्या शाखांची देखभाल दुवानकडे राहिली.

मग तो गॅरेजमध्ये गेला. एवेलिओ गाडीची काच पुसत होते. दुवाननं उभ्या उभ्या सगळं सांगितलं: बाईंनी कुणालाही काही सांगितलेलं नाही, त्या एकट्या होत्या, पडदा आपण उघडला, वाक्य आपलं. शेजारचे दोन चालक ऐकत होते. त्यांनी ऐकावं म्हणूनच त्यानं आवाज खाली केला नाही.

एवेलिओंचा हात पुसायचा थांबला नव्हता. “म्हणजे तुम्ही तिला पाहिलंत,” ते म्हणाले. “बोलताना.”

“हो.”

“काय म्हणत होती?”

“आवाज येत नव्हता, सेन्योर.”

“मग तुम्हाला काहीच माहीत नाही.” त्यांनी फडकं पिळलं, घडी घातली. “आणि जे पाहिलंत, ते मी अजून पाहिलेलं नाही. ते माझ्यासाठी होतं ना?”

एवेलिओ मारतील, निदान शिवी तरी देतील, असं दुवानला वाटलं होतं. त्यानं मन हलकं झालं असतं. पण ते एवढंच म्हणाले, “बाजूला व्हा, गाडी काढायचीय.” त्या दिवशी गुरुवार नव्हता. गाडी आग्वादासच्या रस्त्याला लागली की आणखी कुठल्या, ते त्यानं कुणाला विचारलं नाही.

पावसाळा सरता सरता कंपनीकडून त्याला एक नेहमीचा निरोप आला: आग्वादास शाखा, नोएलिया हिराल्दो, काम सोडलं, खातं बंद करावं. खातं बंद करण्याआधी त्या माणसाचं जे काही असेल ते वेगळं काढून त्याला पाठवायचं असतं. दुवाननं एकही फाइल न उघडता सगळं जसंच्या तसं बांधलं. मग पुसण्याच्या बटणावर माऊस नेऊन तो थांबला. बाई का सोडून गेल्या असतील? सुखानं गेल्या, की त्या भिंतीवरच्या हशाला कंटाळून? विचारायचं तर कुणाला? शेवटी कामाचं निमित्त काढून त्यानं मिरेयाला फोन केला, पत्ता पडताळायचा आहे म्हणून.

“पत्ता बदलला त्यांचा,” मिरेया म्हणाली. “अहो, लग्न झालं ना दोघांचं. आग्वादासच्या चर्चमध्ये. आम्ही सगळे गेलो होतो, साहेबसुद्धा. एवेलिओ काय देखणे दिसत होते, विचारू नका. तुम्ही कुठं दिसला नाहीत ते?”

मिरेयालाही आवतण होतं, साहेबांनाही. त्या खोलीत हसलेल्या सगळ्यांना होतं, एक त्याला सोडून. दुवाननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“त्या आठवड्यात मी बाहेरगावी होतो,” तो म्हणाला, आणि तिनं सांगितलेला नवा पत्ता लिहून घेतला.