बाईसाहेबांचा ताप

मित्रांनो, मी माफी मागायला आलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बोटीच्या मागे लटकवलेल्या एका जुन्या मोटारीचा मी तापमापक. तोंडाने गोल, पांढरा, वाटीएवढा. मागे तांब्याच्या नळीची लांब शेपटी. शेपटीचं टोक इंजिनच्या डोक्याला चिकटलेलं असतं. तिथे जेवढं तापतं तेवढं मी सांगतो. कमी नाही, जास्त नाही. एवढ्या एका सवयीपायी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत.

कारखान्यात एका बाईने आम्हा दोनशे जणांच्या शेपट्या एकदमच उकळत्या पाण्यात बुडवल्या होत्या. ज्याचा काटा शंभरावर थांबला नाही, तो टोपलीत गेला. माझा थांबला. माझं सगळं शिक्षण एवढंच, आणि त्यालाही मिनिटभर लागलं.

पहिली नोकरी पाव पोचवणाऱ्या गाडीत. तिथला ड्रायव्हर मला फार मानायचा. काटा लाल पट्ट्यात गेला की चढावर गाडी थांबवून, बॉनेट उघडून, तो झाडाखाली झोपायचा. मालकाने विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवायचा. पुढे गाडी भंगारात निघाली आणि ताईने मला शेपटीसकट उचललं.

ताई खाडीवर बोट चालवते. या काठावरची माणसं त्या काठावर आणि तिकडची इकडे. मोटार तिच्या बाबांची, चाळीस वर्षांपूर्वीची. तिचे सुटे भाग आता कोणीच बनवत नाही. पिस्टन एकदा अडकून बसला, की मोटार नांगर म्हणून वापरायची, आणि बोट कोंबड्यांना द्यायची. ताईच्या घरात दुसरी कमाई नव्हती, म्हणून तिने मला बसवलं.

बाबांना हा अपमान वाटला. ते मोटारीला बाईसाहेब म्हणत. "बाईसाहेब, उठा," असं म्हणून दोरी ओढत. मला मात्र पहिल्या दिवसापासून अरे-तुरे.

"याची गरज काय?" ते म्हणाले. "पिचकारी बघायची. पिचकारी उडतेय ना? मग बाईसाहेब थंड आहेत."

मित्रांनो, ही पिचकारी म्हणजे मोटारीच्या अंगातून बाहेर पडणारी पाण्याची धार. खालचा पंप खाडीचं पाणी वर ओढतो, त्यातलं थोडं पाणी धारेने बाहेर उडतं. चाळीस वर्षं बाबा तिच्याकडे बघत आले होते. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही ते तिच्याकडेच बघत होते, असं ताईची आई सांगायची.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. मी साठ म्हणायचो, कोणी ऐकायचं नाही, कोणाचं बिघडायचं नाही. मग एका आठवड्यात मी सत्तर म्हणालो. नंतर ऐंशी. बाबांनी काचेवर टिचकी मारली. मी ऐंशीच म्हणालो. त्यांनी जोरात टिचकी मारली. मी एक्क्याऐंशी म्हणालो, कारण तेवढ्यात तेवढं झालं होतं.

"उद्धट आहे," बाबा म्हणाले.

ताईने मला काढून स्वयंपाकघरात नेलं आणि माझी शेपटी चहाच्या उकळत्या पाण्यात सोडली. काटा बरोबर शंभरावर.

"बघा बाबा. बरोबर दाखवतोय."

"पातेल्यात खरं बोलतो आणि कामावर खोटं. अशी माणसं मी खूप पाहिलीत."

मला परत बसवल्यावर बाबांनी माझ्या तोंडावर काळी चिकटपट्टी लावली. मी पट्टीखालीही तापमान दाखवत राहिलो. कोणी बघत नसताना खरं बोलण्यात फार मोठेपणा असतो म्हणतात. मोठेपणाचं मला माहीत नाही. कंटाळा मात्र भरपूर असतो.

मग तो बाजाराचा दिवस आला. बोटीत पंधरा माणसं, शिवाय एक शिंपी आणि मांडीवर त्याचं शिलाई मशीन. बाबा पुढे बसलेले. भर खाडीत मोटारीचा आवाज जड झाला आणि तापलेल्या रंगाचा वास आला. ताईने एका हाताने माझ्या तोंडावरची पट्टी ओढली. काटा लाल पट्टा ओलांडून तबकडीच्या टोकाच्या खिळ्याला टेकला होता. त्यापुढे आकडेच नव्हते, नाहीतर मी तेही सांगितले असते.

"बाबा, बंद करते."

"पाणी बघ आधी. धो धो उडतंय. अशी पिचकारी मी वर्षभरात पाहिली नाही."

"काटा खिळ्याला लागलाय."

"ओहोटी लागलीय, पोरी. इथे बंद केलीस तर समुद्रात जाऊ. त्या बशीचं ऐकणार का बापाचं?"

ताईने एकदा धारेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मोटार बंद केली.

बोट आडवी होऊन वाहायला लागली. पंधरा माणसं एकदम बोलायला लागली. शिंपी म्हणाला, "मला उतरवा," आणि मग आजूबाजूला बघून गप्प बसला.

बाबा तरातरा मागे आले. मुलीची चूक सगळ्यांसमोर दाखवायची म्हणून त्यांनी मोटारीचं झाकण काढलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि इंजिनच्या डोक्यावर शिंपडलं. चर्र झालं. पाणी नाचलं आणि वाफ होऊन गेलं.

मग शिंपी म्हणाला, "चहा ठेवायचा का?"

"तुम्ही वल्हं धरा," बाबा म्हणाले. "तोंडाने बोट पुढे जात नाही."

दुसरं वल्हं त्यांनी स्वतः घेतलं आणि ताईला सुकाणूला बसवलं. काठ येईपर्यंत ते तिच्याकडे पाठ करून वल्हवत होते.

दुपारी मोटार उघडली. पंपातून आलेलं पाणी आधी पिचकारीला फुटायचं आणि मग डोक्याकडे जायचं. डोक्याकडची वाट खाऱ्या पाण्यातल्या मिठाने बुजली होती. म्हणून सगळं पाणी पिचकारीतून धावत होतं. बाईसाहेब जितक्या आतून भाजत होत्या, तितकी धार दिमाखात उडत होती. ताईने मोटारीचं दोरी गुंडाळायचं चाक हाताने फिरवलं. पिस्टन सरकला, अडकला नव्हता. ती तिथेच जमिनीवर बसली. बाबा तीन दिवस तारेने मीठ खरवडत होते. टिचकी कोणी मारली नाही.

आता वेगळाच त्रास आहे. काटा पंच्याहत्तरवर गेला, की बाबा पुढूनच ओरडतात, "बंद कर."

"बाबा, लालला अजून खूप वेळ आहे."

"तो म्हणतोय ना? बंद कर."

मग भर खाडीत मोटार थंड होत बसते, वल्ही निघतात आणि पंधरा माणसं माझा उद्धार करतात. शिंप्याच्या तळहाताला घट्टे पडलेत, तो तर मला भंगारवाल्याचा पत्ता सांगतो. मी पंच्याहत्तर म्हणालो होतो, पंच्याहत्तरच म्हणणार. त्यांना बरं वाटावं म्हणून मी एक अंशही खाली येणार नाही.

मित्रांनो, मला चकचकीत पुसू नका, माझे आभार मानू नका. माझी मागणी एकच आहे. मला शिव्या घालायच्या तर खुशाल घाला. फक्त काचेकडे बघून घाला.