उजवा हात

"तुझा बाप आलाय, सतरा नंबरचा फॉर्म घ्यायला," पाण्याच्या टाकीपाशी मी सायलीला सांगून टाकलं. बाटली भरून वाहायला लागली तरी पोरगी नळ बंद करेना.

मी नूरबी, या शाळेची शिपाई. सव्वीस वर्षं घंटा माझ्या हातात आहे आणि सतरा नंबर म्हणजे काय ते मला पक्कं माहीत आहे. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची पोरं नववीतच काढायची आणि परीक्षेला बाहेरून बसवायची. मुलगे कसेबसे बसतात तरी. पोरींची लग्नंच लागतात.

आणि ही म्हणे कच्ची! संध्याकाळी मी वर्ग झाडते तेव्हा फळ्यावरची गणितं बोलता बोलता सोडवते ती. पण गावडे सरांचा नियमच तसा. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. तपासणीला साहेब आले की सगळा वर्ग हुशार दिसतो. सर फक्त उजव्या हाताची पोरं उठवतात. सहावीत एकदा सायलीचा आवाज थरथरला, वर्ग हसला, तेव्हापासून ती डावाच हात वर करते. सरांनी तेवढ्यावरून तिला मठ्ठ ठरवलं.

"आज साहेब यायचेत, आज तरी बोल की गं," मी म्हटलं. "मिठाची गुळणी धरलीय का तोंडात?"

ती बाटलीचं झाकण लावून वर्गात निघून गेली. मला भारी राग आला.

साडेबाराला मधल्या सुट्टीची घंटा द्यायला मी वर्गाबाहेर उभी होते. आत दौंडहून साहेब तपासणीला आले होते. सायलीचा बाप कोंडिबा फॉर्म घेऊन व्हरांड्यात थांबला होता. गुऱ्हाळावरून तसाच आलेला, अंगाला काकवीचा वास.

"गूळ करताना रसात चुना का घालतात?" साहेबांनी विचारलं.

चाळीस हात वर. सरांनी सार्थकला उठवलं.

"गूळ पांढरा व्हावा म्हणून."

"ती मागची मुलगी सांगेल?" साहेबांनी बोट केलं.

सायलीचा उजवा हात वर होता.

"चुकून झालं असेल, साहेब," सर हसले. "तिला उजवं-डावं कळत नाही." पोरं फिदीफिदी हसली. सरांनी मला खुणावलं, घंटा द्या.

मी हातोडी पदराखाली घेतली आणि खुशाल दुसरीकडे पाहत राहिले.

सायली हात वर ठेवूनच उभी राहिली. आवाज थरथरतच होता. "रसात आम्ल असतं. चुना ते मारतो, मळी वर येती. कमी पडला तर गूळ घट्ट बसत न्हाई." कोणीतरी हसलं. ती थांबली नाही. "आन् जास्त झाला तर काळा पडतो."

"शाब्बास," साहेब म्हणाले.

"बस आता, हात खाली घे," सर म्हणाले.

"न्हाई घेत. अजून इचारा. नववीचं सगळं इचारा."

साहेबांनी खरंच पुस्तक मागवलं. घंटा वीस मिनिटं उशिरा झाली आणि मला मेमो मिळाला. मिळू दे. कोंडिबाने फॉर्मची चौघडी करून खिशात घातली.

"सर, पोरगी हितंच बसंल," एवढंच म्हणून तो गुऱ्हाळावर गेला.

सुट्टीत सगळ्या पोरी डबे घेऊन बाहेर पळाल्या. सायली एकटीच बाकावर उजवा दंड चोळत बसली होती.

"दुखतोय का गं?"

"व्हय मावशी. सवय न्हाई ना त्याला."