वाटीतलं लॉक

वाटीत दोन लॉकं हवी होती, एकच होतं. प्रेमदासने वाटी हलवून पाहिली. पुलगावात चाळीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या माणसावर वाटी हलवून पाहायची वेळ यावी, यातच सगळं आलं.

गाडी देवेंद्र सरांची. दोन सीटांची, लाल, त्यांच्या वडिलांनी हौसेने घेतलेली जुनी स्पोर्ट्स कार. सकाळी चालू करताना निळा धूर ओकायची आणि गरम झाली की शहाण्यासारखी वागायची. प्रेमदासने कॉम्प्रेशन तपासलं, ते ठीक निघालं. म्हणजे पिस्टनच्या रिंगा धड होत्या. वॉल्व्हची सीलं कडक होऊन रात्रभर थेंबथेंब तेल खाली सोडत होती. हेड न उतरवता ती बदलायची त्याची जुनी रीत होती. प्लगच्या भोकातून सुती दोरी आत भरायची आणि पिस्टन वर आणायचा, म्हणजे दोरीच्या टेकूवर वॉल्व्ह जागचा हलत नाही. मग स्प्रिंग दाबून तिला वॉल्व्हवर धरून ठेवणारी, तुरीच्या डाळीएवढी दोन लॉकं काढायची आणि घरून आणलेल्या वाटीत ठेवायची. सात वॉल्व्ह बिनबोभाट झाले. आठव्याच्या वेळी, सुटं काही खाली इंजिनात पडू नये म्हणून तेलाच्या भोकात कोंबलेला कापडाचा बोळा त्याने हात पुसायला काढला, तो परत कोंबलाच नाही.

दोन महिन्यांपासून त्याच्या बोटांना काही कळत नव्हतं. शुगरने बोटं मारली होती. हे त्याने कमलाबाईलाही, आपल्या बायकोलाही, सांगितलं नव्हतं.

जमिनीवर चुंबक फिरवलं, काही लागलं नाही. शेवटी सुट्या सामानातलं तसंच एक लॉक बसवलं, दोरी ओढून काढली, वरचं झाकण आवळलं. पडलं असेल इथंच कुठंतरी, असं तो स्वतःला बजावत राहिला.

चार वाजता सर आले, सोबत त्यांच्या पत्नी मीराताई.

"उद्या सकाळी नागपूर, प्रेमदासभाऊ! शंभरच्या खाली येतच नाही मी."

मीराताई हौसेने आत बसल्यासुद्धा. सरांनी किल्ली लावली. ते लॉक आत असलं, आणि हायवेवर शंभरच्या वेगात इंजिनाच्या चेनमध्ये अडकलं तर?

"थांबा सर!" प्रेमदास ओरडलाच. "चालू नोका करू. एक लॉक आत पडलं असन."

"असेल म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"नाई. माह्या बोटाईले आता कायीच समजत नाई. सांगाले लाज वाटली."

सरांनी किल्ली काढून खिशात टाकली. प्रेमदासने इंजिनाखालचं चेंबर उतरवलं. तळातल्या काळ्या तेलात बोटं फिरवली. एकदा. पुन्हा एकदा.

"नाई इथं."

सर वाकले. "प्रेमदासभाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या बोटाखालीच आहे."

संध्याकाळी गाडी चालू झाली. धुराचं नाव नव्हतं. सरांनी तोंडभरून कौतुक केलं, ते त्याच्या कानांपर्यंत पोचलं नाही.

घरी त्याने वाटी राखेने घासून कमलाबाईसमोर ठेवली.

"गॅरेजातली वाटी काऊन आणली?"

"राहू दे घरीच. वरण घेजो तिच्यात."

कमलाबाईने वाटी बाजूला सारली आणि त्याची बोटं हातात घेऊन दाबली. तिला बहुधा आधीच कळलं होतं.

"दुखते का?"

"नाई," तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.