ट्रेमोलाची उतरण

आल्प्समधल्या गॉटहार्ड घाटाच्या माथ्यावर पोचेपर्यंत प्लिनियोचे ओठ निळे पडले होते. फ्लाविया, त्याची लेक, धर्मशाळेच्या भिंतीला सायकल टेकवून केव्हाची वाट पाहत होती. सकाळी दोघं पायथ्याच्या आयरोलो गावाहून निघाले तेव्हा ऊन होतं; शेवटच्या वळणांवर मात्र बर्फमिश्रित पाऊस झोडपू लागला.

"बाबा, खाली बसनं जाऊ."

"बसनं? गॉटहार्ड चढून बसनं उतरू? गावात तोंड कसं दाखवू मी?"

"तोंडाचं सोडा, हात बघा तुमचे. हातमोजे चिंब झालेत. माझे घाला."

"तुझ्या बाहुलीच्या मोज्यांत माझी बोटं मावतील होय?" तो हसला. "चल पुढं. म्हातारा मागं पडतो का बघूच."

तिनं फार ताणून धरलं नाही. त्याच्या हट्टापुढं आईचंही कधी काही चाललं नव्हतं.

ट्रेमोलाचा जुना रस्ता दगडी फरशीचा, वळणावर वळण. पावसानं फरशी तेल ओतल्यासारखी झालेली. फ्लाविया पुढं उतरत होती. थोड्याच वेळात तिची स्वतःचीच बोटं बधिर झाली; ब्रेक दाबला जातोय की नाही तेही कळेना. पुढच्या वळणावर थांबायचं आणि बाबांनाही थांबवायचं, असं तिनं ठरवलं. थांबून तिनं वर पाहिलं.

वरच्या टप्प्यावरून तो येत होता, सुसाट. वळण आलं, तो वळला नाही. कठड्याच्या दगडावर सायकल आदळली आणि तो कठड्यावरून खालच्या उतारावर फेकला गेला.

ती दगडांना धरत, घसरत वर त्याच्यापाशी पोचली. त्याचे डोळे उघडे होते.

"दाबत होतो गं," तो पुटपुटला. "बोटंच ऐकेनात."

तिनं त्याचे हात आपल्या सदऱ्याखाली, पोटाशी धरले. एका मोटारवाल्यानं फोन केला. ढगांमुळं हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. रुग्णवाहिका खालून वर चढत राहिली. ती पोचण्याआधीच त्याचं पुटपुटणं थांबलं. फ्लावियानं तरी हात सोडले नाहीत. डॉक्टरनं ते हळूच सोडवले.

संध्याकाळी पोलिसांनी तिला घरी आणून सोडलं. आई, डेलिया, दारातच उभी होती. तिला फोनवरून कळलं होतं. ती रडली नाही.

"तू पुढं होतीस?" तिनं विचारलं.

"हो."

 डेलिया दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "आत ये. ओले कपडे काढ."