बाजेखालचे आलू

मित्रांनो, माझ्या पाठीवर झोपलेली माणसं मला वरूनच ओळखतात. पोटाखाली काय चाललंय हे कोणी विचारत नाही. म्हणून आज मी तुम्हाला खालची गोष्ट सांगणार आहे. मी वडशाजवळच्या एका गावातली जुनी बाज. वादळात पडलेल्या बिज्याच्या झाडापासून मनसारामभाऊंनी माझे पाय केले. मग पावसाळाभर ओसरीत बसून अंबाडीची दोरी वळली आणि मला विणलं.

मी पुष्कळ चांगले दिवस पाहिले. मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, घरी पाहुणे यायचे, रात्रभर नाटक बघायचे आणि सकाळी माझ्यावर असे आडवे व्हायचे की जेवायलाही उठत नसत. "बाज असावी त अशी!" असं म्हणायचे. पुढे घरात लोखंडी पलंग आला, गादी आली आणि मला गोठ्यात उभं करून ठेवलं. कोंबड्या माझ्यावर चढून बसू लागल्या. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मला परत घरात आणलं मनसारामभाऊंच्या सुनेनं, कुंताबाईंनी. त्यांची आई नुकतीच वारली होती. गोंडपिपरीकडच्या माहेराहून त्या टोपलीभर लहान, तांबूस आलू घेऊन आल्या. आईनं सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या बागेत, वर्षानुवर्षं जपलेलं हे बेणं. ते आता आणखी कुणाकडेच नव्हतं. दिवाळीनंतर लावेपर्यंत ते टिकवायचं होतं. कुंताबाईंनी कोपऱ्यात रेती पसरली, तिच्यावर आलू मांडले, वर मला ठेवलं आणि अंधार राहावा म्हणून माझ्यावरून जुनं लुगडं सोडलं.

मला मेलीला आधीपासूनच नको तेवढ्या चौकशा. अंधारात हे आलू करतात काय? श्वास घेतात का? एकमेकांशी बोलतात का? मी दोऱ्यांच्या फटीतून सारखी खाली बघत बसायची.

मग उन्हाळा तापला. पलंग काही उचलून अंगणात नेता येत नाही, तेव्हा मनसारामभाऊंना माझी आठवण झाली.

"मामाजी, बाज हालवू नोका. माह्या मायचं बेनं हाय खाली," कुंताबाई म्हणाल्या.

"आलू थंडाव्यात झोपून राह्यले, अन म्या काऊन भट्टीत जागू?" म्हातारबुवा कसले ऐकतात! रोज मला अंगणात नेऊ लागले, आणि दुपार होईपर्यंत परत आणायचं नाव नाही. कुंताबाईंनी आलूंवर पोतं टाकलं, पण ते अपुरं पडलं. खिडकीकडची ओळ उघडीच राहिली.

पावसाळ्यात मी कायमची आत आले, पोतं निघालं आणि खाली बघते तर काय! पोत्याखालच्या आलूंना लांबलचक पांढरे कोंब फुटले होते. काही माझ्या दोऱ्यांपर्यंत चढले होते, आणि हात लागताच मोडत होते. खिडकीकडचे मात्र हिरवे पडले होते. त्यांचे कोंब आखूड, जाड आणि जांभळट. एकाच टोपलीतली ही भावंडं, मग अशी वेगळी का झाली? मी विचार करून थकले.

शेजारच्या सोमारीबाईंनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "हिरवे आलू इखारी व बाई! गाईलेबी देऊ नोको. उकिरड्यावर फेक."

"खात नाई व मी. पन फेकवत नाई मले," कुंताबाई म्हणाल्या. हिरवे आलू त्यांनी सुपात घालून खिडकीशी ठेवले आणि अंधारातले नीट झाकले. सगळी आशा त्या झाकलेल्यांवर होती. पण दसऱ्यापर्यंत ते एकेक करून सडले. कुंताबाई रेती उपसून बघायच्या आणि सडके आलू वेचून काढायच्या. माझ्या पोटाखाली मी त्यांना सांभाळू शकले नाही, याचं मला अजून दुःख आहे.

धान कापून झाल्यावर त्यांनी सुपातले हिरवे आलूच मातीत घातले. दुसरं होतंच काय?

हिवाळ्यात मनसारामभाऊ ऊन खायला मला सांदवाडीत नेत. मीही वाफ्याकडे डोळे लावून बसायची. बरेच दिवस काही हललं नाही. मग एका सकाळी कुंताबाई ओरडल्या, "मामाजी, इकडं या! निंगाले!"

म्हातारबुवा आले, हिरवे अंकुर बघितले आणि मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "म्हनूनच त बाज बाहेर नेत होतो मी!"

कुंताबाई हसल्या आणि हसताहसताच रडल्या. खायचा आलू अंधारात ठेवावा, आणि लावायच्या बेण्याला थोडा उजेड मानवतो, हे आम्हा सगळ्यांना असं चुकूनमाकून कळलं.

मित्रांनो, कुणी जपलेली वस्तू तुमच्या हाती आली तर नुसती झाकून निश्चिंत होऊ नका. मधूनमधून वाकून बघत जा.

महाशिवरात्रीच्या सुमारास आलू निघाले. कुंताबाईंनी ते माझ्यावरच सुकायला पसरले आणि त्यातल्या आलूंनी सगळ्यात आधी सोमारीबाईंची ओटी भरली.

"मले काऊन? म्या त फेकाले सांगतलं होतं," सोमारीबाई ओशाळल्या.

"माह्याकडले उद्या सडले," कुंताबाई म्हणाल्या, "त तुह्याकडं राहतीन."