आठ डबे

"मावशी, कचऱ्याचे डबे उचला. आठही. मंत्रीसाहेब येतायत," स्थानकप्रमुखांनी लांबूनच सांगितलं.

मावशी खराटा टेकून उभ्या राहिल्या. "अहो, डबे परवाच तर आलेत."

"बंदोबस्तवाल्यांचा हुकूम आहे. डब्यात कोणी काही ठेवलं म्हणजे?"

मावशींना हसावं की रडावं कळेना. अठरा वर्षांपूर्वी याच बसस्टँडवर, तीन नंबरच्या फलाटावरच्या डब्यात ज्याच्या माणसांनी बॉम्ब ठेवला, तोच आज मंत्री होऊन येत होता. तो डबा रिकामा करायला गेलेले मावशींचे यजमान जागच्या जागी गेले. त्यांच्या जागेवर मावशी लागल्या. स्टँडवरचे डबे तेव्हाच काढले आणि सगळ्या गावाचा कचरा जमिनीवर आला. वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला. डबे द्या म्हणून त्यांनी सहा अर्ज केले. वरच्यांनी सहाही अर्जांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या. आता कुठे नव्या इमारतीबरोबर डबे आले होते. ते आठही त्यांनी एकेक करून कोठीत नेले आणि प्रमुखांनी कुलूप घातलं.

मंत्री चांगलं बोलले. "आम्ही वर्षानुवर्षं निवेदनं दिली. कोणी ढुंकून पाहिलं नाही. इथे तो आवाज झाला, आणि महिन्याभरात सरकार बोलणीला बसलं. झालं त्याचं दुःख आहे. पण त्याशिवाय आपला प्रांत वेगळा झाला नसता."

टाळ्या पडल्या. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस खोटं बोलत नव्हता, हेच त्यांना सोसवेना. अर्ज करून काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

चहा झाल्यावर मंत्री कागदी कप घेऊन इकडेतिकडे बघू लागले. "मावशी, डबा कुठाय इथं?"

"तुमच्यासाठीच काढलाय, साहेब."

ते ओशाळं हसले, कप तीन नंबरच्या फलाटावर खांबाशी ठेवला आणि गाडीत बसले.

त्या जागी मावशींनी अठरा वर्षांत कधी काडी पडू दिली नव्हती. आज राहू दे, त्याचं त्याला लखलाभ, असं म्हणून त्या फाटकापर्यंत गेल्याही. मग परत आल्या. कंबरेवर हात ठेवून वाकल्या, कप उचलला, फरशी पुसली. कचरागाडी केव्हाच निघून गेली होती. कप टाकायला कुठे जागा नव्हती, म्हणून तो हातात धरूनच त्या घरी निघाल्या.